एप्रनला अडकवलेला बॅज

मिरजेत एक्स-रे टेक्निशियन म्हणून सव्वीस वर्षं काढली. भाची आता एका नव्या हाडांच्या दवाखान्यात लागलीय. परवा तिचा फोन आला, "मामा, मशीन पुढच्या आठवड्यात येतंय, काय काय बघू?" तिला सांगितलं तेच इथे लिहितो.

मशीनच्या आधी भिंत बघा. गवंड्याच्या भाषेत सांगायचं तर किरणांचा थेट झोत ज्या भिंतीवर पडतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी चेस्ट स्टँडमागची (छातीचा फोटो काढताना पेशंट ज्याला टेकून उभा राहतो तो स्टँड), ती दीड विटेची हवी, ३५ सेंटीमीटर. बाकीच्या भिंतींवर विखुरलेले किरण येतात, तिथे एक वीट, म्हणजे २३ सेंटीमीटर चालते. दारं-खिडक्यांनाही तेवढाच आडोसा लागतो, नाहीतर १.७ मिलिमीटर शिशाचा पत्रा. उजेडासाठी उघडा झरोका ठेवायचाच असेल, तर तो बाहेरच्या जमिनीपासून दोन मीटरच्या वर. टेप घेऊन स्वतः मोजा. इंटिरियरवाला प्लायवूडची सुंदर पार्टिशन काढून देतो. तिचा किरणांना काडीचा अडथळा होत नाही, आणि नेमकी तिच्या पलीकडेच पेशंटची बाकं असतात.

मशीनसाठी एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते. मुंबईत अणुशक्तीनगरला यांचं ऑफिस, स्थापना १९८३ ची. अर्ज त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. दवाखान्याची नोंदणी आणि मान्य मॉडेलची खरेदी आधी. बसवून झाल्यावर क्वालिटी टेस्टचा रिपोर्ट. परवाना हातात पडेपर्यंत पेशंटचा फोटो काढायचा नाही, डॉक्टर कितीही घाई करोत. पुढे ती टेस्ट दर दोन वर्षांनी.

आता बॅज. यात मी स्वतः माती खाल्लीय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या टीएलडी बॅजचा, म्हणजे अंगाला किती किरणं लागली ते मोजणाऱ्या बिल्ल्याचा, आकडा एवढा आला की चौकशीचं पत्रच आलं. आई रडायला लागली. झालं होतं असं, की सुट्टी झाली की मी किरणं अडवणारा शिशाचा एप्रन खुंटीला लावायचो आणि बॅज एप्रनलाच राहायचा. खुंटी चेस्ट स्टँडच्या शेजारी. संध्याकाळच्या पाळीचे सगळे फोटो बॅजने खाल्ले, मी घरी भाकरी खात होतो. तो आकडा माझा नव्हता हे पटवून देता देता नाकी नऊ आले.

म्हणून बॅज छातीवर आणि एप्रनच्या आत लावा. बाहेर लावला तर एप्रनवर पडलेलं मोजेल, आणि आपल्याला हवंय अंगाला लागलेलं. एकाचा बॅज दुसऱ्याने घालायचा नाही. शिफ्ट संपली की किरणं नसलेल्या जागी ठेवायचा. आत किरणं टिपणाऱ्या तीन चकत्या असतात, दोनींवर वेगवेगळे फिल्टर आणि तिसरी उघडी, त्यामुळे उघडून बघण्याची हौस नको.

दर तिमाहीला बॅज बदलतात. सोबत एक कंट्रोल बॅज येतो, तो कुणीच घालायचा नाही. त्याचा आकडा सगळ्यांच्या आकड्यातून वजा होतो. तो एक्स-रे खोलीच्या ड्रॉवरमध्ये राहिला तर सगळ्यांचे डोस कमी दिसणार, आणि कमी आकड्याची चौकशी कोण करतो? आमचा हजेरीपटाच्या कपाटात असतो.

आपल्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला वर्षाला फक्त १. सहकारी बाई गरोदर असेल तर तिने लगेच सांगावं. तिथून पुढे पोटातल्या बाळाला १ च्या वर जाता कामा नये, तेव्हा ड्युटी तशी लावून घ्यायची. भाचीला हे दोनदा सांगितलं. म्हणाली, "मामा, लग्न तर होऊ दे." ठीक आहे, पण दारावरचा लाल दिवा आणि 'गरोदर असाल तर आधी सांगा' ही मराठी पाटी मशीनच्या आधी लाव म्हटलं.