चढ काढताना या चुका टाळा: पाखाडीवरून सरळ रेषेच्या समीकरणाकडे

दहावीच्या मुलांना मी बरीच वर्षं गणित शिकवते. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. वरच्या वाडीतून धक्क्यावर यायचं तर जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरावी लागते. त्यामुळे चढ म्हणजे काय हे इथल्या प्रत्येक मुलाच्या पायांना ठाऊक आहे. तरीही वहीत 'रेषेचा चढ काढा' असं आलं की तीच मुलं सूत्र आठवायला लागतात, अंक भरतात आणि येईल त्या उत्तराखाली रेघ मारतात. आलेखावर रेषा वर चाललेली दिसते आणि उत्तर उणे आहे, हे त्यांना खटकतच नाही.

याचं एक कारण पुस्तकांच्या मांडणीत आहे. राज्य मंडळाच्या दहावीत रेषेचा चढ येतो गणित भाग २ मध्ये, निर्देशक भूमितीत. दोन चलांतील रेषीय समीकरणं येतात भाग १ मध्ये, बीजगणितात. दोन वेगळी पुस्तकं, दोन वेगळ्या वह्या, आणि वर्गात दोन वेगळे तास. दोन्हीकडे एकच रेषा आहे, ही गाठ बहुतेकांना अकरावीत जाऊन पडते. ती दहावीतच पडली तर खालच्यातल्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

पुस्तकात एक्स आणि वाय असतात, मी इथे जुन्या पद्धतीने क्ष आणि य लिहिते. चढाला म म्हणू. रेषा य-अक्षाला जिथे छेदते तिथली उंची म्हणजे क. मग समीकरण होतं य = मक्ष + क.

वर काय आणि खाली काय

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक ही: क्ष मधला फरक वर आणि य मधला फरक खाली. सूत्र दहादा लिहून घेतलं तरी ती परत येते. मी एकदा मुलांना टेप घेऊन पाखाडीवरच नेलं. एका पायरीची उंची भरली ६ इंच आणि पाऊल ठेवायची रुंदी १५ इंच. १५ इंच पुढे गेलो तर ६ इंच वर चढलो, म्हणजे चढ ६/१५, सोपं रूप २/५. मग म्हटलं, आता वीस पायऱ्यांचं मोजा. उंची १० फूट, पुढे २५ फूट. १०/२५, पुन्हा २/५. एक मुलगी पायरीवरच बसून म्हणाली, "बाई, म्हणजे कुठल्याही दोन पायऱ्या घेतल्या तरी तेच येणार." सरळ रेषेची व्याख्याच तिने सांगितली होती. कुठलेही दोन बिंदू घ्या, चढ बदलत नाही. अ, ब, ड हे तीन बिंदू एकरेषीय, म्हणजे एकाच रेषेवर, आहेत का, हे आपण चढ काढून तपासतो ते याच जोरावर. पण तिथे दोन चढ सारखे आले एवढं लिहून थांबू नका. 'रेख अब आणि रेख बड यांत ब सामाईक आहे' हे वाक्य हवंच. ते नसेल तर त्या दोन रेषा समांतरही असू शकतात.

प्रश्न कायम असाच विचारा: उजवीकडे एक पाऊल टाकलं तर वर किती गेलो? 'वर किती' हे अंशस्थानी. पायरी डोळ्यापुढे आली की भागाकार उलटा होत नाही.

उलट्या भागाकाराचा एक चुलतभाऊही आहे. रेल्वेत चढ '१५० ला १' अशा भाषेत सांगतात, म्हणजे १५० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कोकण रेल्वेची आखणी साधारण १५० ला १ याहून तीव्र चढ नसेल अशी केली आहे. कर्जतहून लोणावळ्याला जाताना बोरघाटात हाच आकडा ३७ ला १ आहे. जास्त खडा कोणता, असं विचारलं की वर्गातले बरेच हात '१५०' म्हणून वर होतात. एक किलोमीटर पुढे जाऊन बघा. कोकण रेल्वेत गाडी फार तर पावणेसात मीटर चढते, बोरघाटात सुमारे २७ मीटर. १५० हा आकडा छेदातला आहे, छेद वाढला की चढ कमी होतो.

क्रम एकदा धरला की सोडू नका

बिंदू घ्या (−२, ५) आणि (४, −७). दुसऱ्यातून पहिला वजा करायचा ठरवलं तर वर −७ − ५ = −१२ आणि खाली ४ − (−२) = ६. चढ −२.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. काही जण वर पहिल्यातून दुसरा वजा करतात आणि खाली दुसऱ्यातून पहिला. १२/६ होतं आणि चढ +२ येतो. आकडा बरोबर, चिन्ह उलटं. काही जण ४ − (−२) याचं २ करतात आणि चढ −६ येतो. पहिली चूक टाळायची तर दोन्ही बिंदू एकाखाली एक लिहा आणि खालून वर वजाबाकी करा. दुसरीसाठी कंस. उणे अंक कंसाशिवाय लिहायचाच नाही, हा नियम मी माझ्याकडे सक्तीचा केला आहे.

या सगळ्याच्या आधी अर्धा मिनिट काढून कच्ची आकृती काढा. (−२, ५) डावीकडे वर आहे, (४, −७) उजवीकडे खाली आहे. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा उतरते, म्हणजे उत्तर उणेच हवं.

घराचं छप्पर वहीत आणा

दोनपाखी कौलारू घर समोरून बघा. जमिनीवर क्ष-अक्ष, आणि घराच्या बरोबर मधून वर जाणारा य-अक्ष. घर ८ मीटर रुंद, पागोळी पडतात ती कड ३ मीटर उंच आणि आढं, म्हणजे छपराचा माथा, ५ मीटरवर. डाव्या पाख्याची, म्हणजे छपराच्या डाव्या उतरत्या बाजूची, कड (−४, ३), आढं (०, ५), उजवी कड (४, ३).

डाव्या पाख्याचा चढ २/४ म्हणजे १/२. उजव्याचा −१/२. दोन्ही पाख्यांवरून पाणी खालीच जातं, पण आपण वाचतो डावीकडून उजवीकडे. म्हणून डावं पाखं 'चढतं' आणि उजवं 'उतरतं'. समीकरणं झाली य = क्ष/२ + ५ आणि य = −क्ष/२ + ५. दोन्हींत क आहे ५, कारण दोन्ही रेषा य-अक्षाला आढ्यावरच भेटतात. क म्हणजे नुसतं शेवटी चिकटलेलं स्थिरपद नाही, ती एक जागा आहे. तिच्यावर बोट ठेवता आलं पाहिजे.

आता विचारा: ही दोन पाखी एकमेकांना लंब आहेत का? चिन्हं विरुद्ध, म्हणून बरीच मुलं 'हो' म्हणतात. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ यायला हवा. इथे १/२ × (−१/२) = −१/४. आढ्याशी होणारा कोन काटकोनाहून बराच मोठा, सुमारे १२७ अंशांचा आहे. काटकोन हवा असेल तर चिन्ह बदला आणि अपूर्णांक उलटाही करा: १/२ ला लंब रेषेचा चढ −२. यातलं एकच काम करून थांबणं ही जवळजवळ प्रत्येक वहीत दिसणारी चूक आहे. आडव्या-उभ्या रेषांच्या जोडीला मात्र हा गुणाकार लावूच नका, कारण उभ्या रेषेला चढच नसतो.

शून्य चढ आणि 'चढ नाही'

धक्क्यावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं तर क्षितिजाची रेघ आडवी दिसते. पुढे कितीही जा, वर काही नाही. चढ ०/५, म्हणजे शून्य. विहिरीची कड बघा, (३, ०) पासून (३, −८) पर्यंत. पुढे काहीच गेलो नाही आणि खाली आठ. −८/० हा भागाकारच होत नाही, म्हणून त्या रेषेचा चढ ठरवता येत नाही. वहीत मात्र दोन्हीकडे '०' लिहिलेलं सापडतं. शून्य हे उत्तर आहे. शून्याने भागायला लागणं म्हणजे उत्तरच नसणं.

याला जोडून क्ष = ३ चा घोळ येतो. क्ष-अक्ष आडवा, म्हणून क्ष = ३ ही रेषाही आडवी, असं मुलांना वाटतं. क्ष = ३ वरचे चार बिंदू लिहायला सांगा: (३, ०), (३, १), (३, −४), (३, −८). ते मांडले की विहिरीची कडच तयार होते.

समीकरणातून चढ वाचताना

३क्ष + २य = १२ या रेषेचा चढ किती? '३' हे उत्तर इतक्या वेळा येतं की मी हा प्रश्न मुद्दाम पहिल्याच तासाला विचारते. क्षचा सहगुणक म्हणजे चढ, पण तो य एकटा डाव्या बाजूला असेल तेव्हाच. २य = −३क्ष + १२, म्हणून य = −(३/२)क्ष + ६. चढ −३/२. पडताळा घ्यायला (०, ६) आणि (४, ०) हे बिंदू आहेतच: −६/४, तेच.

इथे दोन पुस्तकांची गाठ बांधून टाका. ३क्ष + २य = १२ सोबत ६क्ष + ४य = ३० दिलं असेल तर क्रेमरच्या पद्धतीत (सहगुणकांवरून उकल काढायची भाग १ मधली रीत) सहगुणकांचा निश्चयक ३ × ४ − २ × ६ = ० येतो आणि मुलं 'गणित चुकलं' म्हणून खोडतात. चुकलेलं काही नाही. दुसऱ्या समीकरणाचा चढही −३/२ आहे, क मात्र ७.५. रेषा समांतर आहेत, भेटणार नाहीत, म्हणून उकल नाही. क सुद्धा सारखा आला असता तर ती एकच रेषा, उकली अनंत. निश्चयक शून्य येणं म्हणजे दोन्ही रेषांची दिशा एक असणं.

आंब्याच्या पेटीचा हिशेब

हापूस पाठवायचा आहे. डझनाला ६०० रुपये धरू, आणि खोका व गाडीभाडं मिळून १५० रुपये, डझन कितीही असोत. य = १५० + ६००क्ष. '१५०' आधी लिहिलेलं दिसलं की चढ १५० असं उत्तर येतं. क्षला चिकटलेला आकडा तो चढ, मग तो कुठेही लिहिलेला असो.

आता उलट करा. २ डझनांचे १३५० रुपये झाले, ५ डझनांचे ३१५०. डझनाचा भाव काय? पुष्कळ मुलं १३५० ला २ ने भागतात आणि ६७५ सांगतात. पाच डझनांवरून हाच भागाकार केला तर ६३० येतो. भाव एकच असताना दोन उत्तरं आली, तिथेच थांबायला हवं. एकाच बिंदूचा य त्याच्या क्षने भागून चढ मिळतो तो फक्त रेषा आरंभबिंदूतून जात असेल तेव्हा. इथे शून्य डझनालाही १५० रुपये आहेतच. फरकाचा भागाकार घ्या: १८००/३ = ६००.

बिंदू आणि चढ देऊन समीकरण

मघाचा चढ −२ आणि बिंदू (−२, ५) घ्या. य − ५ = −२(क्ष − (−२)), म्हणजे य − ५ = −२(क्ष + २), पुढे य = −२क्ष + १. इथे कंसात क्ष − २ लिहिणं ही नेहमीची चूक. ती पकडायला सोपा उपाय आहे: जो बिंदू वापरला नाही तो समीकरणात घालून बघा. क्ष = ४ घातलं की −८ + १ = −७, बरोबर. वापरलेलाच बिंदू परत घालणं पुरेसं नाही, कारण चढ चुकला असला तरी तो बिंदू जुळतोच.

दिसतं तसं नसतं

आलेखावर एका अक्षावर १ सेंटिमीटर = १ एकक आणि दुसऱ्यावर १ सेंटिमीटर = १० एकक घेतलं तर रेषा निजलेली किंवा ताठ दिसते. चढ मात्र तोच राहतो. चढ अंकांवरून काढा, डोळ्यांनी नाही. कोनमापकाने कोन मोजून त्याचं टॅन घ्यायचं असेल तर दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं हवं. आणि कोन दुप्पट झाला म्हणून चढ दुप्पट होत नाही. ३० अंशांच्या रेषेचा चढ सुमारे ०.५८, ६० अंशांचा सुमारे १.७३, म्हणजे तिप्पट.

शेवटची चूक जरा वेगळी आहे आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन बिंदू मिळाले की रेषा काढता येते, पण गोष्ट मुळात सरळ आहे का, हे ते दोन बिंदू सांगत नाहीत. मी एकदा फळ्यावर लिहिलं: सकाळी ६ ला ओहोटी, पाणी ०.५ मीटर, दुपारी १२ ला भरती, पाणी २.५ मीटर, ७ वाजता पाणी किती? वर्गाने चढ काढला, तासाला १/३ मीटर, उत्तर ०.८३. मच्छीमाराच्या घरातला एक मुलगा वही मिटून बसला होता. म्हणाला, "बाई, सात वाजता पाणी एवढं नाय चढत. आधी हळू, मध्ये जोरात, मग परत हळू."

त्याचं बरोबर होतं. दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा आहे: एकूण चढणीचे बारा भाग करा, सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं. २ मीटरची चढण, म्हणजे पहिल्या तासात जेमतेम १७ सेंटिमीटर, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी अर्धा मीटर. सात वाजताचं पाणी ०.६७ मीटर. आम्ही सहा ते बारा असे सातही बिंदू आलेखावर मांडले आणि त्याच मुलाला ते जोडायला सांगितले. त्याने पट्टी बाजूला ठेवली आणि हातानेच रेघ ओढली.