वॉर थंडरमध्ये एका गोळ्यात उडताय? या चुका टाळा

वॉर थंडर हा रणगाड्यांच्या लढायांचा ऑनलाइन गेम. मे महिन्यात भाचा देवगडला आला होता, दिवसभर तोच खेळायचा. तिसऱ्या दिवशी हेडफोन टेबलावर ठेवून म्हणाला, "मामा, मी जर्मनांच्या टायगर रणगाड्याला चार गोळे मारले, त्याला काहीच झालं नाही. त्याने एक मारला आणि मी गेलो. हा गेम जर्मनांच्याच बाजूचा आहे." रियलिस्टिक मोडमध्ये नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच म्हणतो आणि बरेच जण तिथेच गेम सोडतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण दोष गेमचा नसतो आणि पहिली चूक अर्ध्या तासात सुधारता येते.

वॉर थंडरमध्ये रणगाड्याला हेल्थ बार नाही. गोळा चिलखत भेदून आत गेला का, आणि आत कशाला लागला, एवढाच हिशोब. आत गनर असतो, ड्रायव्हर असतो, दारूगोळा असतो. त्यामुळे समोर दिसला की मधोमध नेम धरून झाडायचं, ही सगळ्यात मोठी चूक.

भाच्याला मी पडवीत नेलं. आंब्याच्या मोडक्या पेटीची फळी घेतली आणि करवत आधी सरळ धरून, मग कलती धरून कापली. कलत्या कापात करवतीला जास्त लाकूड कापावं लागतं. चिलखताचंही तसंच. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचा पुढचा पत्रा ४५ मिलिमीटरचाच, पण उभ्या रेषेपासून ६० अंशांत मागे कललेला. समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला ९० मिलिमीटर पार करावे लागतात.

टायगरचं चिलखत याउलट जवळजवळ उभं: पुढे १००, बाजूला ८० मिलिमीटर. म्हणून टायगर घेऊन शत्रूसमोर नाक सरळ करून उभं राहू नका. सुमारे ४० अंश तिरका उभा करा, म्हणजे पुढचा आणि बाजूचा दोन्ही पत्रे १२५ ते १३० मिलिमीटरच्या आसपास भरतात. हे कळलं की पोरं उत्साहात आणखी वळवतात. ६० अंश वळवलात तर बाजू जेमतेम ९२ मिलिमीटर उरते. आणि हीच युक्ती पँथर या दुसऱ्या जर्मन रणगाड्यात करू नका. त्याचा पुढचा ८० मिलिमीटरचा पत्रा आधीच ५५ अंशांत कललेला आहे, बाजू मात्र साधारण ४० मिलिमीटरची. पँथरचं नाक शत्रूकडेच हवं.

मग टी-३४ वाल्याने टायगरचं करायचं काय? ७६ मिलिमीटरच्या तोफेने त्याच्या पुढच्या पत्र्यावर चार गोळे वाया घालवायचे नाहीत. भाच्याला दुसऱ्या लढाईत सांगितलं, आधी तोफेची नळी फोड. नळी गेली की तो दुरुस्ती करेपर्यंत तुला मारू शकत नाही. मग पट्टा तोड, म्हणजे वळणार नाही. मग घराच्या आडून फिरून बाजूने जा. त्याने तसंच केलं आणि तिसरा गोळा बाजूतून दारूगोळ्यात गेला. तेव्हाची त्याची आरोळी खळ्यापर्यंत ऐकू आली.

हँगरमध्ये, म्हणजे लढाईआधी गाड्या दिसतात त्या पडद्यावर, चिलखत तपासायची सोय आहे. शत्रूचा रणगाडा, आपला गोळा आणि अंतर निवडलं की कुठून आत शिरेल ते रंगात दिसतं. लढाईत मार खाऊन शिकण्यापेक्षा तिथे दहा मिनिटं घालवा.

दारूगोळा काठोकाठ भरू नका. वीस-पंचवीस गोळे बहुतेक लढायांना पुरतात, आणि जितका जास्त माल आत तितकी उडायची शक्यता जास्त. ब्रिटिश रणगाडे चालवत असाल तर एक लक्षात ठेवा: त्यांचे बरेच गोळे भरीव असतात, आत जाऊन फुटत नाहीत. नेम थेट माणसांवर किंवा दारूगोळ्यावरच हवा.

लाइनअपची, म्हणजे लढाईत न्यायच्या गाड्या निवडण्याची, चूक तर सर्रास होते. चार गाड्या ३.७ बॅटल रेटिंगच्या (गाडी किती ताकदीची त्याचा आकडा) आणि हौसेने पाचवी ४.७ ची. गेम सर्वात वरचा आकडा धरतो आणि लढाईत एक अंकाने वरचेही येतात, म्हणजे ३.७ च्या गाडीसमोर ५.७ चा शत्रू. पाचवी जागा रिकामी राहिली तरी चालेल.

आता आपल्याकडचा खास त्रास. गोळा लागलेला दिसतो पण नोंदला जात नाही, समोरची गाडी उड्या मारत पुढे जाते. हे बहुतेक वेळा पॅकेट लॉसचं, म्हणजे इंटरनेटवर डेटा वाटेत गळण्याचं, लक्षण. आमच्या घरात राउटर माजघरात होता आणि संगणक बाहेरच्या खोलीत, मध्ये चिऱ्याची जाड भिंत. वायफाय दोन काड्या दाखवायचं. लॅन केबल ओढली, त्रास संपला. सर्व्हरच्या यादीत सगळ्यांवर खूण ठेवू नका, ज्याचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी तेवढेच ठेवा. पावसाळ्यात राउटरसुद्धा यूपीएसवर घ्या, नुसता संगणक चालू राहून उपयोग नाही. विजा कडाडायला लागल्या की मात्र लढाई सोडा आणि प्लग काढा.

शेवटचं, पैशांचं. गेम फुकट आहे. सुरुवातीलाच वरच्या रँकची प्रीमियम गाडी विकत घेऊ नका. समोर शेकडो लढाया खेळलेले असतात आणि तुम्हाला नकाशेही माहीत नसतात. भाच्याला सांगितलंय, एकच देश धर आणि तिसऱ्या रँकपर्यंत फुकट खेळ. तरीही आवडला तर नोव्हेंबरात वर्धापनदिनाची सूट लागते, तेव्हा बघू.