नवरात्रानंतरची मासेमारी: कोकणातील लहान गिलनेट होड्यांसाठी सल्ला

नवरात्र सरले की कोकण किनाऱ्यावर पावसाळी वारा मोडतो. रात्री मतलई म्हणजे जमिनीकडून, तर दुपारी खारा म्हणजे समुद्राकडून वारा सुरू होतो, पाणी निवळते आणि बांगडा जवळ येतो. गिलनेट म्हणजे पाण्यात भिंतीसारखे टांगलेले, मासा कल्ल्यांनी अडकणारे जाळे; निवळ पाण्यात दिवसा मासा ते ओळखतो. म्हणून जाळे रात्री आणि चंद्र नसताना सोडावे.

त्यासाठी वद्य अष्टमीच्या आसपासचे दिवस सर्वांत चांगले. भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे दिवस, असल्याने पाण्याची ओढ कमी आणि चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. तिन्हीसांजेला जाळे टाकून चंद्रोदयाआधी ओढायला घ्यावे. शुद्ध अष्टमीलाही भांगच, पण काळोख मध्यरात्रीनंतर मिळतो. अमावस्येला रात्रभर अंधार असला तरी उधाणाची ओढ गिलनेट गुंडाळते, खडकावर नेऊन फाडते. ते दिवस डोलीवाल्यांचे, म्हणजे ओढीच्याच जोरावर भरणारे पिशवीसारखे जाळे लावणाऱ्यांचे. बांगड्यासाठी 50 ते 52 मिलिमीटर आस (जाळ्याच्या छिद्राचे माप) ठेवावा; त्याहून बारीक आसात पिल्ले अडकतात आणि पुढच्या हंगामाचे नुकसान होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील वादळांचेही महिने. ‘फयान’ 11 नोव्हेंबर 2009 रोजी किनाऱ्यावर आले. 2019 चे ‘क्यार’ दूरून ओमानच्या दिशेने गेले, तरी आपला समुद्र खवळला. वारा पडलेला असताना नैऋत्येकडून लांब, संथ लाटा येऊ लागल्या तर दूर कुठेतरी वादळ आहे असे समजून परतावे. ताशी 6 सागरी मैल धावणाऱ्या होडीला 30 मैलांवरून बंदर गाठायला पाच तास लागतात. वारा वाढेपर्यंत थांबले तर हा वेळ हाती उरत नाही. हवामान विभागाचा इशारा निघण्यापूर्वी पाहावा. बंदरावर तीन नंबरचा बावटा असेल तर होडी काढूच नये. संकटात व्हीएचएफ रेडिओचे 16 क्रमांकाचे चॅनेल वापरावे. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554.

पावसाळ्यात खाडीच्या मुखावरचा वाळूचा दांडा सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या वाटेवर विसंबू नये. ओहोटीचे पाणी आणि समोरची लाट भिडते तिथे लाट फुटते आणि होडी आडवी होते. आत येताना भरतीचा शेवटचा तिसरा भाग गाठावा.

ऑक्टोबरच्या उन्हात 100 किलो मासळीला किमान 100 किलो बर्फ न्यावा, तोही बारीक फोडून. तळाला बर्फ, मग मासळीचा एक थर, पुन्हा बर्फ. बांगडा उन्हात राहिला की पोट फुटते आणि अंगात हिस्टामीन नावाचे विषारी द्रव्य तयार होते. ते शिजवूनही जात नाही, खाणाऱ्याला बाधते. खोक्याला खाली भोक ठेवावे, वितळलेल्या पाण्यात मासळी बुडू देऊ नये.