डिगॉक्सिन घेताना या चुका टाळा

हृदयविकारावरच्या डिगॉक्सिन या औषधाचा डोस वर्षभर बदललेला नसतो, गोळी रोज ठरल्या वेळी घेतली जाते, आणि तरीही एके दिवशी रुग्णाची अन्नावरची वासना उडते, मळमळू लागते, नाडी मंदावते. अशा वेळी पित्त झाले असे समजून आम्लपित्ताची गोळी देणे ही सर्वांत नेहमीची चूक होय. आधी विचारायला हवे ते असे, की गेल्या काही आठवड्यांत कोणते औषध नव्याने सुरू झाले किंवा कोणते बंद झाले?

फॉक्सग्लोव्ह जातीच्या झाडाच्या पानांपासून हे औषध मिळते, पण झाडपाल्याचे म्हणून ते सौम्य आहे हा समज घातक आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने 1785 मध्येच बजावून ठेवले होते, की मात्रा जास्त झाल्यास उलट्या होतात, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसू लागतात आणि नाडी मिनिटाला 35 पर्यंत उतरू शकते. हृदय कमजोर झालेल्या रुग्णात रक्तातील पातळी मिलिलिटरला साधारण 0.5 ते 0.9 नॅनोग्रॅम इतकीच राखायची असते. उपयोग आणि अपाय यांतले अंतर एवढे थोडे आहे.

हे अंतर सर्वांत गुपचूप मोडते ते अमिओडॅरोन या हृदयाची लय सुधारणाऱ्या औषधामुळे. पेशींतून डिगॉक्सिन बाहेर टाकणारे पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन अमिओडॅरोन अडवून धरते, त्यामुळे पातळी जवळजवळ दुप्पट होऊ शकते आणि डिगॉक्सिनचा डोस बहुधा निम्मा करावा लागतो. परंतु अमिओडॅरोन शरीरात हळूहळू साठते, म्हणून पहिल्या आठवड्यात सारे ठीक दिसले तरी निर्धास्त होऊ नये. ते बंद केल्यावरही परिणाम कित्येक आठवडे टिकतो. रक्तदाबावरचे व्हेरापामिल आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक यांनीही पातळी चढते, आणि छातीच्या संसर्गासाठी दुसऱ्याच डॉक्टरांनी दिलेल्या पाच-सात दिवसांच्या प्रतिजैविकाची हृदयाच्या डॉक्टरांना बहुतेक वेळा खबरही नसते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि सेंट जॉन्स वर्ट ही औषधी वनस्पती उलट पातळी उतरवतात; त्यांच्यासोबत वाढवलेला डोस ती बंद झाल्यावर तसाच राहिला, तर तोच अंगाशी येतो.

लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडसारख्या गोळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्या पोटॅशियम कमी करतात, आणि पोटॅशियम उतरले की अहवालात डिगॉक्सिनची पातळी योग्य दिसत असूनही हृदयाची लय बिघडते, म्हणून निव्वळ तो आकडा पाहून समाधान मानू नये. पोट साफ होण्यासाठी सतत घेतलेली रेचके आणि ज्येष्ठमध यांचाही परिणाम त्याच दिशेने होतो. डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले किंवा रक्तातील क्रिएटिनिन वाढले (म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले), तर डोसचा फेरविचार लगेच व्हायला हवा.

चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. नवे पाकीट घेताना 0.25 आणि 0.125 हे मिलिग्रॅमचे आकडे ताडून पाहावेत, कारण पहिली गोळी दुसरीच्या दुप्पट असते. नाडी 60 च्या खाली असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. भोवळ येत असेल किंवा दृष्टी पिवळसर झाली असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

तपासणीतही एक चूक हमखास होते. गोळी घेऊन तासाभरात रक्त दिले, तर औषध अजून पेशींत पसरलेले नसते, पातळी खोटी जास्त येते आणि नीट चाललेला डोस विनाकारण कमी केला जातो. गोळीनंतर किमान सहा तास जाऊ द्यावेत, किंवा सकाळी आधी रक्त द्यावे आणि मग गोळी घ्यावी.