सी प्रोग्रॅममधली लिंकर एरर कशी सोडवावी

कोड कंपाइल होतो, एकही चूक निघत नाही आणि शेवटी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा मेसेज येतो. अशा वेळी सेमिकोलन आणि कंस तपासण्यात वेळ घालवू नका. कंपायलर एकेक फाइल स्वतंत्रपणे पाहतो. फंक्शनचा प्रोटोटाइप, म्हणजे त्याचं नाव आणि प्रकार सांगणारी ओळ, दिसला की त्याचं काम भागतं. ते फंक्शन प्रत्यक्ष कुठे लिहिलंय, हे सगळ्या फाइली एकत्र जोडणारा लिंकर शोधतो. तिथेच गाडं अडलेलं असतं.

आधी मेसेजमधलं नाव उचला. ‘एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस’ ही शेवटची ओळ लिंकिंग फसलं एवढंच सांगते. नाव तिच्या वर असतं.

नाव तुमच्याच फंक्शनचं असेल तर स्पेलिंग आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरं जुळवून बघा. मग ते ज्या फाइलमध्ये आहे, ती फाइल बिल्डमध्ये घेतली आहे का ते पाहा. माझ्या मते सर्वाधिक घोळ इथेच होतो. हेडर, म्हणजे प्रोटोटाइप असलेली ‘.h’ फाइल, इन्क्लूड केला म्हणून त्याची सी फाइल आपोआप जोडली जात नाही, आणि काही एडिटरमधलं रन बटण फक्त समोर उघडलेली फाइलच कंपाइल करतं. फंक्शनपुढे ‘स्टॅटिक’ लिहिलं असेल, तर दुसऱ्या फाइलला ते सापडणारच नाही.

नाव ‘एसक्यूआरटी’सारखं गणिती फंक्शनचं असेल, तर लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला ‘-एलएम’ हा पर्याय स्मॉल अक्षरांत द्या, तोही कमांडच्या शेवटी. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो, त्यामुळे लायब्ररी तिला वापरणाऱ्या फाइलच्या नंतरच हवी.

‘मल्टिपल डेफिनिशन’, म्हणजे एकच नाव दोन ठिकाणी सापडल्याची एरर, आली तर हेडर उघडा. बहुतेक वेळा तिथे एखादं ग्लोबल व्हेरिएबल थेट लिहिलेलं असतं. हेडर दोनदा घेतला जाऊ नये म्हणून लावलेला इन्क्लूड गार्ड इथे कामाला येत नाही, कारण तो एकाच फाइलपुरता असतो. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लावा आणि व्हेरिएबल एकाच सी फाइलमध्ये लिहा. 2020 मध्ये आलेल्या जीसीसी 10 पासून व्हेरिएबल एकाच फाइलमध्ये हवं हा नियम कडक झालाय, म्हणून पूर्वी बिनतक्रार चालणारे प्रोजेक्टही आता इथे अडतात.

‘मेन’च सापडत नसेल, तर त्याचं स्पेलिंग बघा आणि फाइल सेव्ह केली आहे ना, तेही.

एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर ऑब्जेक्ट फाइलवर (कंपाइल झाल्यावर बनणाऱ्या ‘.o’ फाइलवर) ‘एनएम’ ही कमांड चालवा. नावाशेजारी ‘टी’ असेल तर फंक्शन त्याच फाइलमध्ये आहे. ‘यू’ असेल तर ते बाहेरून यायचंय.