शातो म्हणजे किल्ला नव्हे, निदान दरवेळी तरी नाही

आधी château या फ्रेंच शब्दाचा उच्चार. शातो. चाटू नाही, चॅट्यू नाही, चाटेऊ तर देवाशपथ नाही. फार पूर्वी जुन्या फ्रेंचमध्ये हा चास्तेल होता, तेव्हा सुरुवातीला च होता, पण ती सबब आता चालत नाही. मधला स गळला म्हणून ए अक्षराच्या डोक्यावर ती टोपी बसली, आणि इंग्रजी कासल त्याच लॅटिन कास्तेल्लुमच्या घरातला. अनेकवचनात शेवटी एक्स लागतो, तो वाचायचा नाही.

आता माझं खरं दुखणं. शातो दिसलं की किल्ला समजून निघायचं! ओळखीतलं एक कुटुंब पॅरिसला गेलं, मेट्रोच्या नकाशावर चार नंबरच्या लाइनवर शातो दो नावाचं स्टेशन दिसलं, लगेच प्लॅनमध्ये किल्ला टाकला, मुलांना बुरूज दाखवायचे म्हणे. वर आले तर केसांची सलूनंच सलूनं. शातो दो म्हणजे पाण्याची टाकी हो! तरी शहाणे झाले नाहीत, त्याच लाइनवर पुढे शातो रूज आहे म्हणून तिकडे गेले, तिथे भाजीबाजार. आणि खरा किल्ला, खंदक आणि चौदाव्या शतकातल्या उंच बुरुजासकट, एक नंबरच्या लाइनच्या शेवटच्या स्टेशनला, शातो द व्हँसेनला, पण पाच मिनिटं वाचायची तयारी कोणाची असते? सगळ्यांना शॉर्टकट पाहिजे.

मी काय करतो, नाव बाजूला ठेवून आधी फोटो बघतो. तटबंदी, खंदक असेल तर त्याला ते लोक शातो फोर म्हणतात, तो आपला किल्ला. व्हर्सायसुद्धा शातोच, पण त्याला किल्ला म्हणणाऱ्याला मी राजवाडा म्हणायला लावतो. शर नदीवर कमानी टाकून बांधलेलं शनोंसो हा तर सरळ देखणा वाडा. गावाकडच्या छोट्या शातोला मला गढी हाच शब्द आवडतो, लोक हसतात, हसू देत.

वाइनच्या बाटलीवरचं शातो म्हणजे द्राक्षमळा आणि वायनरी. बोर्दोच्या उत्तम वाइनच्या 1855 च्या यादीतली लाफीत, मार्गो ही तीच जात. आपल्या नारायणगावच्या शातो इंडाजमध्ये कोणी बुरूज शोधला होता का?

क्वेबेकचं शातो फ्रोंतनाक 1893 पासून हॉटेलच आहे. जपानमध्ये तर साध्या फ्लॅटच्या बिल्डिंगलाही शातो नाव देतात.