टायर रोटेशनची तयारी : जॅक लावण्याआधी आणि नंतर

आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांच्या ओढीवर चालतात. इंजिनाचे वजन, वळण घेणे आणि ब्रेकचा मोठा भारही पुढच्याच दोन टायरांवर येत असल्याने ते मागच्यांपेक्षा लवकर झिजतात. म्हणून साधारण ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायरांच्या जागा बदलाव्यात. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल, तर तोच पाळावा.

पहिले काम टायर वाचण्याचे आहे आणि ते जॅक बाहेर काढण्याआधीच करावे. टायरच्या दोन्ही कडा झिजून मधला पट्टा शाबूत असेल, तर हवा कमी राहिली आहे; मधला पट्टाच झिजला असेल, तर हवा जास्त भरली गेली आहे; एकच कड घासली गेली असेल, तर बहुधा अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडले आहे. हात फिरवल्यावर नक्षी उंचसखल लागत असेल, तर शॉकअब्सॉर्बर (धक्के शोषणारा भाग) आणि बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल) तपासून घ्यावे. हे आधी पाहण्याचा आग्रह अशासाठी, की जागा बदलल्यावर हा पुरावा विस्कळीत होतो: पुढे घासलेला टायर मागे जातो आणि मूळ दोष नव्या टायरला खाऊ लागतो. त्यामुळे प्रत्येक टायरवर खडूने ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’ असे लिहून ठेवावे आणि झीज वहीत नोंदवावी. नक्षीच्या खाचांतील खुणेच्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, झीज पोचली असेल, तर तो टायर फिरवण्याचा नव्हे, बदलण्याचा आहे.

त्यानंतर टायरच्या बाजूवर बाण आहे का ते पाहावे. बाण असलेला टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी घडवलेला असतो आणि तो त्याच बाजूला फक्त पुढे-मागे करता येतो. पुढचे व मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील, तर पुढे-मागे बदल करताच येत नाही. बाण नसेल आणि मापे सारखी असतील, तर पुढचे दोन्ही टायर सरळ मागे न्यावेत आणि मागचे दोन्ही बाजू बदलून पुढे आणावेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याच्या उलट, म्हणजे मागचे सरळ पुढे आणि पुढचे बाजू बदलून मागे, असा क्रम असतो.

आता जागा आणि सामान. जमीन सपाट व टणक असावी; पावसाने भिजलेल्या मातीत जॅक रुततो, तेव्हा तिथे हे काम करूच नये. जॅक, पाना, हवेचा गेज, तारेचा ब्रश, चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे आणि स्टेपनी हाताशी ठेवावी. स्टेपनीची हवाही तपासावी, कारण ऐन वेळी हीच विसरलेली आढळते. हँडब्रेक ओढावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवावी. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागची चाके धरतो. म्हणून मागचे चाक उचलताना पुढच्या चाकांना ठोकळे लावणे विशेष गरजेचे आहे.

एकच जॅक असला, तरी स्टेपनीच्या मदतीने काम नीट होते. प्रत्येक चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, टायरांवर बाण नसेल आणि मापे सारखी असतील तर, पुढच्या डाव्या जागी स्टेपनी लावून तिथला टायर मागच्या डाव्या जागी बसवावा. तिथून निघालेला पुढे उजवीकडे, तिथला मागे उजवीकडे, आणि तो काढलेला शेवटचा टायर स्टेपनी काढून पुढे डावीकडे लावला, की फेरी पूर्ण होते. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा आणि गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये.

चाक बसवण्यापूर्वी हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर टेकते त्या मधल्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशने काढावा, कारण गंजाच्या थरावर चाक पूर्ण टेकत नाही आणि नट पुढे सैल पडतात. नट आधी हातानेच फिरवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि चाक जमिनीवर टेकल्यावर शेवटचा ताण द्यावा. शक्य असल्यास टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, वापरून पुस्तिकेतला आकडा गाठावा. पान्यावर उभे राहून आवळण्याची सवय मला अजिबात मान्य नाही. त्याने बोल्टचे आटे जातात आणि पुढे रस्त्यात पंक्चर झाल्यावर नट सुटत नाही.

टायर जागेवर बसल्यावर हवा नव्या जागेप्रमाणे भरावी, कारण पुढच्या आणि मागच्या टायरांसाठीचा आकडा अनेकदा वेगळा असतो. तो सहसा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर छापलेला असतो आणि गाडी चालून टायर तापण्याआधी मोजायचा असतो. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर ती पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवून घ्यावी. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालवल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासावेत आणि मीटरवरचा आकडा त्याच वहीत टिपून ठेवावा.